हो की नाही

एकतीस डिसेंबर. ग्युमरी. बाहेर उणे एकोणीस.
भूकंपमापन केंद्रात ड्यूटीवर एकटी शोघिक,
पायांत फेल्टचे बूट,
खिडकीच्या कट्ट्यावर आईने दिलेला तोल्मा,
गारठून दगड झालेला.

जुन्या सर्व्हरची साफसफाई करायची
असं ऑक्टोबरपासून ठरलेलं. आज निमित्त नाही उरलं.
काळा पडदा, पांढरी अक्षरं, लुकलुकणारी एक काठी.
इथे चित्र नाही की बटण नाही.
इथे नाव घ्यावं लागतं,
तेही शुद्धलेखनासकट.

फॅक्सचा प्रोग्राम काढ, तिने लिहिलं.
यंत्राने हिशोब मांडला:
याच्यासोबत आणखी सदतीस जातील.
एकाला बोलावलं की मागून वऱ्हाड येतं
हे तिला ठाऊक होतं.
जातानाही वऱ्हाड एकदमच उठतं,
आणि त्यात आपल्या घरचंही कुणी बसलेलं असतं
हे नव्हतं.
यादीत खालून चौथा:
जमिनीच्या थरथरीचा आलेख काढणारा.

नाही, म्हणाली ती. मोठ्याने.
खोलीत ऐकायला फक्त पंखा होता.

मग एकेक.
स्कॅनर, जो कधीच भंगारात गेला. काढला.
रशियन शब्दकोशाच्या तीन आवृत्त्या. दोन काढल्या.
चौदा किलोबाइटचं काहीतरी,
वर्णनात एवढंच: गणिताची किरकोळ कामं.
त्याच्यावर अर्धं केंद्र उभं.
त्याला हात नाही लावला.

आधी इथे कोण काय आणून ठेवून गेलं
ते बघायला तिने नोंदवही उघडली.
हामाझास्पने ती कधी पुसूच दिली नव्हती:
एकोणीस वर्षांची आवक-जावक, तारीखवार.
बहुतेक सगळं कंटाळवाणं. तसंच असायला हवं.
पण दरवर्षी एक ओळ:
एकतीस डिसेंबर, रात्री अकरा पन्नास. बुद्धिबळ. आणलं.
एक जानेवारी, सकाळी सहा पाच. बुद्धिबळ. काढलं.

एकोणीस वेळा.
एका वर्षी फक्त काढायची वेळ तीन वाजून दोन मिनिटं.
तिने त्या रात्रीचे आलेख काढून पाहिले.
चार पूर्णांक एक. जवळच. कुणी मेलं नव्हतं.
पट मिटून माणूस उठला असणार.

हामाझास्प तेर्तेर्यान आता क्रास्नोदारला, मुलीकडे.
केंद्रात असताना तो दिवसाला चार वाक्यं बोलायचा,
त्यातलं एक 'दार लाव' असायचं.

अकरा पन्नासला नाही, बारा वीसला
शोघिकने ते नाव लिहिलं. पासवर्ड दिला.
रेघ सरकत गेली, शंभरला टेकली.
काढणं वेगळं आणि खणून काढणं वेगळं,
हे तिला पहिल्या आठवड्यात त्यानेच शिकवलेलं.
नुसतं काढलं तर पेटी जाते,
पेटीच्या मालकाच्या सवयी मागे राहतात.
राहिल्या होत्या. पातळी सात. आवाज बंद.
आणि अर्धवट डाव: काळ्याचा घोडा पुढे आलेला,
चाल पांढऱ्याची,
दोन वर्षं थांबलेली.

तिला खेळ फारसा येत नाही.
तिने पडद्याचा फोटो काढला, त्याला पाठवला.
शुभेच्छा वगैरे काही लिहिलं नाही.

उत्तर लगेच आलं. जागाच होता.
'उंट. डावीकडचा.'
थोड्या वेळाने दुसरं:
'खेळून झालं की काढून टाक. डिस्कवर जागा नसते.'

डिस्क आता चारशेपट मोठी आहे.
हे तिने त्याला सांगितलं नाही.
उंट हलवला. यंत्राने विचार केला. ती हरली,
एक पंचवीसला, आणि पुन्हा, दोनला.
तोल्मा हीटरवर ठेवला, तोवर तिसरा मांडला.

सहा पाच. खिडकीत निळसर काहीतरी.
शोघिकने काढायची आज्ञा लिहिली,
शिस्त ती शिस्त.
यंत्राने विचारलं, हो की नाही?
यात 'नाही' मोठ्या अक्षरात असतं,
म्हणजे काहीच न लिहिता एंटर दाबलं
तर ते 'नाही' समजतं.

तिने काहीच लिहिलं नाही.
एंटर दाबलं,
आणि सकाळच्या पाळीसाठी केटल भरायला गेली.